हौदातला मोगरा

पावसाळा ओसरला, आभाळ निवळले आणि घरोघर साफसफाईची लगबग सुरू झाली, की परसदारच्या जुन्या हौदाकडे कुणाचे तरी लक्ष जातेच. एरवी वर्षभर तो बिचारा फुटक्या बादल्या, गंजके डबे आणि मुलांचे हरवलेले चेंडू पोटात घालून मुकाट बसलेला असतो. नळाला सकाळ-संध्याकाळ तासभरच पाणी येई त्या दिवसांत सारे घर त्याच्या जिवावर नांदले. पुढे गच्चीवर टाक्या आल्या, घरात बटण दाबले की पाणी चढू लागले आणि हौद निवृत्त झाला. निवृत्त माणसाला घरात काहीतरी काम शोधून द्यावे, तसे मग कुणीतरी सुचवते : ‘याच्यात माती भरू आणि छानपैकी फुलझाडे लावू.’

सूचना उत्तम आहे. कडेने बांधलेला, कमरेइतक्या उंचीचा तयार वाफा आयता मिळतो, वाकावे लागत नाही, कुत्री-मांजरे माती उकरत नाहीत. पण या सूचनेत एक मोठी मेख आहे. हौद ज्याने बांधला त्याने आपली सारी अक्कल एकाच गोष्टीसाठी खर्च केलेली असते, ती म्हणजे पाणी आत राहावे. आणि फुलझाडाची पहिली मागणी अशी की पाणी यावे आणि निघून जावे.

पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे, त्यावरूनच आज लिहितो. कारण असा हौद पुष्कळांच्या परसात असेल. त्यांचा हौद सहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल. त्यातला एक फूट जमिनीखाली आणि दोन फूट वर. त्या लिहितात : “सासूबाईंना मोगरा हवा आहे. गवंडी म्हणतो, तळ फोडावा लागेल. मामंजी म्हणतात, तळाला छिन्नी लावू देणार नाही. त्यांच्या वडिलांनी स्वतः उभे राहून हौद बांधून घेतला आहे आणि आजवर थेंब गळलेला नाही. आमचे माळीबुवा म्हणतात, फोडाफोडी नकोच, तळाला फूटभर खडी घाला म्हणजे पाणी खाली उतरेल. पाडव्यानंतर काम काढायचे आहे. कुणाचे ऐकू?” आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ : “हौद स्वयंपाकघराच्या भिंतीपासून दीड फुटावर आहे. दोन वर्षे झाली, त्या भिंतीचा खालचा गिलावा सुटतो आहे.”

खरे तर ही शेवटची ओळ पत्राच्या आरंभी हवी होती. मोगरा वाळला तर पुढच्या वर्षी दुसरा लावता येतो. जोत्यात मुरलेले पाणी मात्र तसे सोडत नाही. भिंत खालून ओल वर ओढून घेते, पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून जाते आणि क्षार गिलाव्याच्या पाठीमागे साठून त्याला ढकलतात. आपण म्हणतो ‘लोणा लागला’. तेव्हा या भगिनींच्या प्रश्नात झाडाआधी घराचा विचार करायला हवा, आणि सुदैवाने दोघांचे हित एकाच गोष्टीत आहे.

आधी माळीबुवांच्या खडीचा निकाल लावू. हा सल्ला त्यांचा एकट्याचा नाही. कुंडीच्या तळाला खापऱ्या, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि मग माती, असे थर लावायचे आपण लहानपणापासून पाहत आलो. वाटते असे, की खडीत पोकळी मोठी, तेव्हा पाणी मातीतून धावत खाली जाईल. प्रत्यक्षात उलटे घडते. बारीक मातीची सूक्ष्म छिद्रे पाण्याला धरून ठेवतात. खालच्या खडीची मोठी पोकळी त्या पाण्याला ओढून घेऊ शकत नाही. माती जवळजवळ तुडुंब भिजेपर्यंत पाणी खडीच्या सीमेवर थबकून राहते आणि मगच टपकू लागते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात वॉल्टर गार्डनर या मृदाशास्त्रज्ञाने १९५९ च्या सुमारास काचेच्या पेट्यांत असे थर लावून पाणी कसे सरकते त्याचा चित्रपटच काढला होता. मातीतून सरसर उतरणारी ओलीची रेघ खडीपाशी आली की थांबते आणि आडवी पसरू लागते, हे त्यात डोळ्यांना दिसते.

काचेची पेटी नको असेल तर घरातलीच साक्ष घ्या. नऊवारी लुगडे धुऊन, पिळून दोरीवर टाकले की वरचा भाग लवकर वाळतो. खालचा काठ मात्र बराच वेळ ओला राहतो. काठाखाली मोकळी हवाच हवा असते, पाणी अडवणारे काही नसते. तरीही कापडाचे धागे शेवटचे पाणी सोडत नाहीत. मातीचेही असेच आहे. तिच्या तळाशी ओलीचा एक पट्टा राहतोच, आणि तो किती जाड हे मातीच्या पोतावर ठरते, हौदाच्या खोलीवर नाही. आता विचार करा, फूटभर खडी घातली म्हणजे काय झाले? ओलीचा पट्टा तेवढाच राहिला, फक्त फूटभर वर सरकला, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ आला. शिवाय तळाला भोकच नसेल, तर त्या खडीत पाणी जमून खाली एक झाकलेले डबके तयार होते. माळीबुवांचा हात झाडाला लागतो हे खरे, पण या एका बाबतीत त्यांचे ऐकू नये. निचरा खडीने होत नाही, भोकाने होतो. खडीचे काम असलेच तर भोकापर्यंतची वाट मोकळी ठेवण्याचे, आणि त्याला दोन बोटे खडी पुरे.

भोक नसले तर नेमके काय होईल, याचा हिशेब मांडून पाहू. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. हे सूत्र घरात सगळ्यांनी पाठ करून ठेवावे. सहा बाय चारचा हौद म्हणजे चोवीस चौरस फूट, म्हणजे सव्वादोन चौरस मीटरांच्या आसपास. पुण्याला वर्षाचा पाऊस ढोबळ मानाने सातशे मिलिमीटर धरला तर या हौदात उघड्या आभाळातून दीड हजार लिटरांवर पाणी पडेल. हौद सारा मिळून दोन हजार लिटरांचा, आणि त्यात आता पाण्याऐवजी माती भरलेली. चांगल्या भुसभुशीत मातीतही ओल धरून झाल्यावर पाण्यासाठी मोकळी उरणारी जागा एकपंचमांशाहून फारशी जास्त नसते. म्हणजे चारशे लिटर. आषाढातली एक झड लागली की संपले. मुंबईला बावीसशे मिलिमीटर आणि कोकणात त्याहूनही अधिक. तिथे तर हा हिशेब मांडायचीही गरज नाही.

यात छपराचे पाणी धरलेलेच नाही. हौद जुन्या काळचा, भिंतीजवळचा. बहुधा वळचणीचे पाणी त्यात पडावे म्हणूनच तिथे बांधलेला. दोनशे चौरस फुटांचे छप्पर त्याच्याकडे उतरत असेल तर प्रत्येक मिलिमीटरला अठरा लिटर पाणी पागोळ्यांवाटे तिथे येते. म्हणून पहिले काम गवंड्याचे नव्हे, पन्हळीचे. वरची पन्हळ आहे का, फुटली आहे का, तिचे पाणी कुठे पडते, ते बघा. भगिनींच्या भिंतीचा गिलावा सुटण्याचे कारण हौदात नसून त्या दीड फुटाच्या बोळात पडणाऱ्या पागोळ्यांत असण्याचाही संभव आहे. पन्हळ नीट करून एक पावसाळा पाहिला तर कदाचित निम्मे दुखणे तिथेच थांबेल.

पाण्यात बुडालेल्या मुळांना होते तरी काय? ती तहानेने नाही, गुदमरून मरतात. मुळांनाही श्वासाला प्राणवायू लागतो, आणि तो पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. मातीतली पोकळी पाण्याने भरली की मुळाशी पोहोचणारा श्वासच तुटतो. मग पाने पिवळी पडतात, माना टाकतात. आणि झाड कोमेजलेले पाहून घरातले मायेने आणखी एक तांब्या ओततात. मोगऱ्याचे बहुतेक मरण असे लाडाने ओढवते. माती उकरून हुंगावी. सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी तुंबले आहे, हे निश्चित.

पुण्याच्या जुन्या नळयोजनेत या गोष्टीची एक आठवण आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळाने शहरातल्या हौदांना पाणी आणले, तेव्हा त्या नळावर जागोजाग उच्छ्वास बांधले होते. नुसत्या वाहत्या पाण्यालासुद्धा हवेची वाट लागते, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. आपल्या शेतकऱ्यांकडे तर यासाठी फार सुंदर शब्द आहे : वाफसा. माती ओली, पण चिखल नाही. हवा आहे, पण कोरड नाही. पावसानंतर शेतकरी वाफशाची वाट पाहतो आणि मगच पेरतो. भोक नसलेल्या हौदातली माती पावसाळाभर वाफशावर येत नाही, हीच तिची खोड.

आता मामंजींच्या आणि गवंड्याच्या वादाकडे येऊ. भगिनींना आश्चर्य वाटेल, पण या घरात मामंजींचे म्हणणे बरोबर आहे. कारण मात्र त्यांनी दिले ते नव्हे. तळ फोडला की पाणी हौदाखालच्या जमिनीत उतरणार, आणि तिथून स्वयंपाकघराचे जोते दीड फुटावर. जमीन मुरमाड असेल तर पाणी खाली जिरेल. काळी असेल तर ते आडवे सरकेल. शिवाय काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. जोत्याशेजारी हा खेळ दरसाल चालू ठेवणे म्हणजे भिंतीला तडा जाण्याचे आमंत्रण. हौद घरापासून दहा-बारा फूट दूर असता तर मी म्हटले असते, तळाला दोन दोन इंचांची पाचसहा भोके खुशाल पाडा, खाली दुसरी नळी किंवा तार नाही एवढे पाहून. इथे नको.

इथे करायचे ते असे. जमिनीखाली असलेला हौदाचा एक फूट पाण्याला देऊच नका. तळाला विटांचे रोडे आणि मुरूम घालून, पाणी मारून, चांगली धुम्मस करून घ्या आणि वर सिमेंटचा कोबा करा. कोब्याला उतार घराच्या उलट अंगाला द्यायचा. चार फुटांच्या रुंदीत इंचभर तरी हवा. उतार डोळ्यांनी ठरवू नये, गवंड्याला पाणसळ लावायला सांगावे आणि वर बादलीभर पाणी ओतून ते कुठे धावते ते आपण स्वतः पाहावे. कोबा जिथे सर्वांत खाली येतो, तिथे घराच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीला, बरोबर कोब्याच्या पातळीवर, दोन इंचांची तीन भोके. भोक कोब्यापेक्षा बोटभर जरी वर राहिले तरी तेवढे पाणी आत कायमचे साठते, हे गवंड्याला दोनदा सांगावे. या भोकांत नळीचे तुकडे बसवा, ते भिंतीबाहेर तीन-चार बोटे पुढे येऊ द्या, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळणार नाही. आतल्या तोंडाला जाळीचा तुकडा आणि त्यावर ओंजळभर खडी. खडीचा मान एवढाच.

यात मामंजींच्या वडिलांचा तळ शाबूत राहतो आणि माती तीनऐवजी दोन फूट लागते. मोगऱ्याला दोन फूट पुष्कळ झाली. चोवीस चौरस फुटांत दोन फूट म्हणजे अठ्ठेचाळीस घनफूट, अर्धा ब्रास. तीन फूट भरली असती तर पाऊण ब्रासाच्या जवळ गेली असती. भिंतीला तीन भोके पडतील खरी. पण पुष्कळ जुन्या हौदांना तळाशी धुण्यासाठी एक भोक ठेवलेलेच असते आणि त्यात चिंधी कोंबून वर गिलावा केलेला असतो. ते बाहेरच्या अंगाला असेल तर तेही शोधून बघावे. उतार बसत असेल तर एक भोक आयते मिळेल.

भिंतीच्या बळाबद्दलही दोन शब्द. पुष्कळांना वाटते, पाणी पेलणारा हौद माती सहज पेलेल. निचरा झालेली माती भिंतीला पाण्यापेक्षा कमीच रेटते, हे खरे आहे. पण तीच माती पाण्याने डबडबली की पाण्याचा रेटा पुरा आणि वर मातीचा रेटा निराळा, असा दोन्हींचा भार भिंतीवर पडतो. म्हणजे भोके झाडासाठी आहेत तशी हौदासाठीही आहेत, ही गोष्ट मामंजींना सांगून पाहावी. हौदाला आधीच उभा तडा असेल, किंवा वरची कड बाहेर झुकली असेल, तर मात्र माती भरण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवणे बरे.

बाहेर पडलेले पाणी जाणार कुठे, हा प्रश्न निम्मे लोक विचारतच नाहीत. ते शेजाऱ्याच्या जोत्याकडे वळवणे हा बागकामाचा भाग नव्हे. भोकांखाली एक उथळ चर काढा, दर दहा फुटांना दीड इंच तरी उतार ठेवा आणि तो घरापासून दहा फूट तरी दूर, मोकळ्या जागी शोषखड्ड्यात सोडा. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. आत दगडगोटे आणि विटांचे तुकडे. माळीबुवांची खडी इथे वापरा, तिचे खरे स्थान हेच. अशा खड्ड्याच्या पोकळीत तीनशेच्या आसपास लिटर पाणी मावते, म्हणजे या वाफ्यावरचा एक जोरदार दिवसाचा पाऊस. मात्र खड्डा खणण्यापूर्वी त्याच जागी फूटभर खोल लहानसा खळगा करा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, आणि पुन्हा भरून पट्टी लावून बसा. तासाला इंचभराहून कमी उतरत असेल तर ती जमीन पाणी घेणारी नाही. तिथे शोषखड्डा म्हणजे दुसरा हौदच होईल. मग चर पावसाळी गटाराकडे न्यावा; मैलापाण्याच्या नळीला जोडू नये, आणि नगरपालिकेचा काय नियम आहे तो आधी विचारून घ्यावा. जवळच पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी असेल तर शोषखड्डा तिच्यापासून शक्य तितका लांब न्यावा. वाफ्यातून निघणारे पाणी शेणखताचे असते.

परसात हौदाऐवजी आड असेल आणि तोही बुजवून फुलझाडे लावण्याचा बेत असेल, तर तो सोडून द्या. आडाला जमिनीतल्या झऱ्याचे पाणी असते, त्याचा निचरा आपल्या हातात नाही, आणि बुजवलेली माती वर्षानुवर्षे खचत राहते. शिवाय पाण्याची ओढ पडते तेव्हा त्याची किंमत कळते.

काम अर्धवट ठेवू नये, हेही बजावून सांगतो. हौद रिकामा केला, कोबा झाला, आणि भोके पुढच्या महिन्यात म्हणून राहिली, मध्येच अवकाळी पाऊस आला, की डासांची सोय झाली. मुंबईत डॉ. बेंटले यांनी १९११ साली हिवतापाचा अहवाल दिला, त्यात शहरातल्या विहिरींवर बोट ठेवले होते आणि पुढे कितीतरी विहिरी बंद झाल्या. आज धास्ती डेंग्यूची अधिक. त्याचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, उष्ण दिवसांत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, आणि अंडी कोरड्या हौदाच्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून माती भरण्यापूर्वी आतल्या भिंती ताठ ब्रशाने खसखसून घासाव्यात. धुण्याचा हौद असेल तर साबणाचा पांढरा थरही त्याबरोबर निघतो.

कोबा नवा असेल तर त्याच्या क्षाराचाही बंदोबस्त हवा. ताज्या सिमेंटातून चुना सुटतो आणि माती अल्कधर्मी होते. कोबा आठवडाभर ओला ठेवून पक्का झाला की तीन-चार वेळा पाणी भरावे, दिवसभर ठेवावे आणि सोडून द्यावे. ही भोकांचीही परीक्षा झाली : पाण्यासाठी कोंबलेली बुचे काढल्यावर तळ कोरडा झाला पाहिजे, कोपऱ्यात तळे राहता कामा नये. मोगरा या बाबतीत सोशिक आहे. अनंत नाही. त्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर त्याला लोह मिळत नाही असे समजावे. पुण्या-नाशकाकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत हे नेहमीचेच. कोकणातल्या तांबड्या मातीत अनंत सुखात असतो. तिथल्या जांभ्याच्या हौदाची तऱ्हाही वेगळी, आतला गिलावा खरवडला की चिराच पाणी पिऊ लागतो.

मातीबद्दल एकच आग्रह : तळापासून वरपर्यंत एकजीव मिश्रण भरावे, थर नकोत. तीन घमेली पोयटा किंवा तांबडी माती, एक घमेले पुरते कुजलेले शेणखत, असे आधी जमिनीवर कालवून मगच हौदात टाका. नुसती काळी माती नको. आणि काळ्या मातीत थोडीशी बारीक वाळू मिसळून ती सुधारेल ही समजूतही नको, त्याने ती विटेसारखी घट्ट बसते. ताजे शेण किंवा हिरवा पाला खाली दडपू नये. तो कुजताना मुळांचा प्राणवायू खातो आणि माती खचते. खचणार तर ती तशीही आहे, पहिल्या पावसात चार-सहा बोटे. म्हणून थोडे मिश्रण पोत्यात राखून ठेवावे. काठापासून दोन इंच रिकामे सोडावेत.

माती भरून पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी मूठभर माती वीतभर खोलीवरून काढा आणि लाडू वळा. दाबताना पाणी ठिबकले तर निचऱ्यात खोट आहे. लाडू वळला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला तर वाफसा आला. वळलाच नाही तर पाणी द्या. या परीक्षेला घरातल्या बायकांइतका जाणता हात कुणाचा असणार? रव्याचा लाडू कधी वळतो हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

पाडव्यानंतर काम काढण्याचा भगिनींचा बेत वेळेला धरून आहे. जमीन सुकलेली असते, गवंड्याला पावसाची भीती नसते, आणि मृग लागेपर्यंत माती बसायला सहा महिने मिळतात. मोगरा मात्र एवढ्यात लावू नये. थंडीत तो वाढत नाही, उलट लावलेल्या जुन्या मोगऱ्याचे पाणी तोडून त्याला छाटायचे ते हेच दिवस. तोवर शेवंती, झेंडू, अ‍ॅस्टर यांची रोपे लावावीत. त्यांची मुळे उथळ, वाफ्याची खोड लवकर दाखवतात. एखाद्या कोपऱ्यातली रोपे सारखी पिवळी पडू लागली तर तिथला उतार तपासता येतो. जूनमध्ये पहिला पाऊस चांगला झाला की मोगऱ्याची तीन रोपे, दोन दोन फुटांवर. सहा फुटांच्या हौदात चौथे दाटीवाटीने बसवायचा मोह होतो. तिथे तगर किंवा काहीच नको.

आणि हे सारे ऐकूनही मामंजींनी भिंतीला भोके पाडू दिली नाहीत, तर? मग वाफ्याचा हट्ट सोडावा, हौद पाण्याचाच ठेवावा. कुंडीत कमळाचा कंद लावून ती कुंडी तळाशी ठेवायची, वर गप्पी मासे सोडायचे. ते डासांच्या अळ्या खातात. फक्त हौदाला पाच-सहा तास ऊन हवे, आणि घरात लहान मूल असेल तर वर मजबूत जाळी हवीच. सासूबाईंचा मोगरा मग मोठ्या कुंडीत, हौदाच्या काठावर. त्या कुंडीच्या तळाला भोक आहे ना, एवढे घेतानाच उलटी करून पाहावे. हल्ली बाजारात रंगीत कुंड्या मिळतात, त्यांतल्या कित्येकांना भोकाची नुसती खूण असते, भोक नसते.